संशोधक बाईचे बोलणे बाजारात झाले पाहिजे
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कांद्यावर बोलून झाले, विजेच्या थकबाकीवर बोलून झाले, पीकविम्यावर तर दोन तास गेले. आमच्या वाट्याला जो विषय आला आहे तो पत्रिकेवर 'महिला शास्त्रज्ञ आणि शेतकरी' असा छापला आहे. तो वाचून मागच्या रांगेतली काही मंडळी चहाच्या निमित्ताने उठली. हरकत नाही, चहा पिऊन परत यावे. आम्ही बोलणार आहोत ते लष्करी अळीवर, वालाच्या उसळीवर आणि पर्जन्यमापकावर. त्यात बाया येतात त्या एवढ्याचसाठी, की ही कामे बायांनी केली आणि ते आपल्याला कोणी सांगितले नाही.

आधी आमचा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही कार्यकर्त्यांनी एका गावात शिवारफेरी ठेवली होती. विषय होता कापसावरची गुलाबी बोंडअळी. कीटकशास्त्रात पीएच.डी. केलेल्या एक बाई यायला कबूल झाल्या. सकाळची पहिली एस.टी. धरून आल्या. आम्ही त्यांना खुर्ची दिली, शाल दिली, नारळ दिला आणि मग बोलायला एकामागून एक सहा पुरुष उभे राहिले. प्रास्ताविक झाले, सत्कार झाले, सत्काराला उत्तरे झाली. बाईंच्या हाती माईक आला तेव्हा साडेपाच वाजले होते. मंडपातल्या बायका धारा काढायला आणि चुली पेटवायला निघून गेल्या होत्या. बाई सात मिनिटे बोलल्या. तेवढ्यात आमच्यापैकीच एकाने चिठ्ठी पाठवली, आटोपते घ्या, आभार राहिलेत.

आता यात नुकसान कोणाचे झाले ते बघा. बोंडअळी लागलेले फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते. त्याला आपण डोमकळी म्हणतो. ही डोमकळी पहिल्यांदा कोणाच्या डोळ्याला पडते? शेताच्या मालकाच्या नाही, कृषी सहायकाच्या तर नाहीच. ती पडते ओळीने निंदत जाणाऱ्या बाईच्या डोळ्याला. डोमकळीचा अर्थ जिला कळतो ती बाई आणि डोमकळी जिला रोज दिसते ती बाई, या दोघी एका मंडपात आल्या होत्या आणि त्यांची गाठ आम्ही पडू दिली नाही. 2017 साली या अळीने काय केले, ते विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला आम्ही सांगायला नको.

खोक्यावर उभ्या राहिलेल्या बाया

लंडनमध्ये हाइड पार्क नावाची मोठी बाग आहे. तिथल्या एका कोपऱ्यात कोणीही उभे राहून भाषण करावे अशी जुनी चाल आहे. साबणाचे लाकडी खोके पालथे घालायचे, त्यावर चढायचे आणि बोलायला लागायचे. 2011 साली सेरियन समनर आणि नॅथली पेटोरेली या दोन शास्त्रज्ञ बायांनी ही चाल उचलली आणि विज्ञानात काम करणाऱ्या बायांना भर रस्त्यात खोक्यावर उभे केले. पडदा नाही, यंत्रावरची चित्रे नाहीत. हातात दाखवायला एखादी वस्तू असली तर असावी. येणाऱ्या-जाणाऱ्याने थांबावे, ऐकावे, प्रश्न विचारावा, पटले नाही तर पुढे जावे. पुढे ही पद्धत इतर देशांतही पसरली.

आपल्या चळवळीला यात नवल वाटायचे कारण नाही. आपण बैलगाडीवर उभे राहून बोललो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहून बोललो. फरक एवढाच की आपल्या ट्रॉलीवर अजून प्रयोगशाळेतली बाई चढलेली नाही.

या समनरबाईंचा अभ्यासाचा विषय मोठा मजेशीर आहे. गांधीलमाशी! जिचे पोळे दिसले की आपण पलिता घेऊन धावतो ती. 2019 साली त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. काम ब्राझीलमध्ये केलेले होते. मक्यावर लष्करी अळी सोडली, उसावर खोडकिडीची अळी सोडली आणि तिथल्या गांधीलमाश्यांना मोकळे सोडले. माश्यांनी अळ्या उचलल्या, अळ्यांची संख्या घटली आणि पिकाचे नुकसानही कमी झाले. ही तीच अमेरिकन लष्करी अळी, जी 2018 साली कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात येऊन मक्याच्या पोंग्यात बसली. आपण तिच्यावर किती औषधे मारली आणि दुकानदाराची उधारी किती झाली, ते ज्याचे त्याने आठवावे.

उद्यापासून फवारणी बंद करा, गांधीलमाशी सगळे बघून घेईल, असे आम्ही म्हणत नाही. तो प्रयोग ब्राझीलचा, माशीची जात तिथली. आपल्याकडे तो करून बघावा लागेल. पण बांधावरचे, माणसाच्या वाटेत न येणारे पोळे जाळण्याआधी हात थांबायला हा शोध कळलेला असावा लागतो. इंग्रजी नियतकालिकात तो छापून आला म्हणजे मक्याच्या शेतात पोहोचला असे होत नाही. समनरबाई खोक्यावर चढल्या त्या यासाठी.

कमलाबाई सोहोनी

आता घरच्या बाईचे सांगतो. दुर्गाबाई भागवतांचे नाव तुम्ही ऐकले आहे. आणीबाणीत साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून बोलल्या त्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीचे नाव किती जणांना ठाऊक आहे? कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. जन्म 1911 चा. वडील आणि चुलते दोघे रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. कमलाबाई 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आल्या आणि त्याच संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिक मिळवलेले. त्यांनी अर्ज नाकारला. कारण? मुलगी आहे.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. थेट रामन यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण मागितले. गांधीजींचा काळ होता, सत्याग्रहाचा मार्ग त्यांना ठाऊक होता. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे समजायचे, काम पसंत पडले तरच प्रवेश पक्का. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचे. आणि तिसरी अट अशी की मुलांचे लक्ष विचलित होईल असे वागायचे नाही. म्हणजे लक्ष मुलांचे विचलित होणार आणि त्याचा जामीन मुलीने राहायचे! सावकारीतले कर्जदार बघितलेल्या माणसाला हा हिशेब ओळखीचा वाटेल.

वर्षभरात त्यांचे काम रामन यांना मान्य करावे लागले आणि संस्थेचे दार मुलींना उघडले. तिथे कमलाबाईंनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजला गेल्या. वनस्पतीच्या पेशींमध्ये 'सायटोक्रोम सी' नावाचे द्रव्य असते आणि पेशीच्या श्वसनात त्याचे काम असते, हे त्यांनी दाखवले. बटाट्यावर काम करताना हे सापडले. 1939 साली पीएच.डी. घेतली. प्रबंध म्हणे चाळीस पानांचाच होता. आमच्या वेळच्या प्रबंधांची जाडी आठवली की हसू येते.

त्या मुंबईला आल्या आणि विज्ञान संस्थेत जीवरसायनाचा विभाग चालवू लागल्या. कोणता विषय घेतला? वाल, पावटा, डाळी, भाताचे पीठ, नीरा. म्हणजे गरिबाच्या ताटात काय आहे आणि त्यातले अंगी किती लागते, हा विषय. वालाचे एक वैशिष्ट्य आहे. कच्च्या वालात एक द्रव्य असते, ते आपल्या पोटातल्या प्रथिने पचवणाऱ्या रसाला अडवून धरते. ट्रिप्सिन इनहिबिटर असे त्याचे नाव. हे द्रव्य कमलाबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वालातून वेगळे काढले, स्फटिकरूपात. 1955 साली ते 'नेचर' या जगप्रसिद्ध विज्ञान नियतकालिकात छापून आले. तुमच्या आजीने वाल रात्रभर भिजत घातले, मोड आणले, सोलले आणि चांगले शिजवले, त्यातले शिजवणे का महत्त्वाचे ते या कामातून कळते. उष्णतेने त्या द्रव्याचा जोर मोडतो. आजीचा हात बरोबर होता. तो का बरोबर होता हे एका मराठी बाईने प्रयोगशाळेत शोधले आणि ते आजीच्या नातीला कोणी सांगितले नाही.

नीरेवरच्या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना नीरा उपयोगी पडते का, याचा तो अभ्यास होता. विज्ञान संस्थेचे संचालकपदही त्यांना मिळाले, पण मिळायला हवे होते त्यापेक्षा उशिरा.

निवृत्तीच्या वयात या बाई स्वस्थ बसल्या नाहीत. 1966 साली मुंबईत नऊ बायांनी ग्राहकांसाठी एक संस्था काढली होती, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी. कमलाबाई तिच्या कामात पडल्या, 1982-83 मध्ये अध्यक्ष झाल्या, संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात लिहू लागल्या. विषय, खाण्यातल्या वस्तूंची सुरक्षितता. ग्राहक आणि शेतकरी यांची भांडणे लावून देणारे पुष्कळ आहेत, पण भेसळीच्या बाबतीत दोघांचा चोर एकच असतो. तूरडाळीत लाखेची डाळ मिसळली तर शहरातली बाई फसते आणि तूर पिकवणाऱ्याचा भावही पडतो. केंब्रिजची पदवीधर बाई हे साध्या गृहिणीला समजेल असे लिहीत होती.

1933 साली दारात काय घडले, ते कमलाबाईंनी म्हातारपणी उघडपणे सांगितले. 1997 साली महिला शास्त्रज्ञांच्या संघटनेने त्यांचा सत्कार केला, तेव्हा त्या बोलल्या. रामन शास्त्रज्ञ म्हणून फार मोठे, पण मन कोते, आणि केवळ बाई म्हणून आपल्याला दिलेली वागणूक आपण विसरू शकलो नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. चौसष्ट वर्षांनी! 1998 साली त्या गेल्या.

त्या वर्षी आम्ही कृषी महाविद्यालयात शिकत होतो. जीवरसायनाच्या तासाला ट्रिप्सिन इनहिबिटर फळ्यावर लिहून दिले गेले, परीक्षेला पाच गुणांना आले, आम्ही पाठ करून गुण घेतले. हे काम मुंबईतल्या सोहोनीबाईंनी केले आहे आणि त्या अजून हयात आहेत, असे कोणी बोलले नाही. आमच्या वर्गात मोजक्या मुली होत्या. त्यांतल्या दोघी आमच्यापेक्षा हुशार होत्या. एक बँकेत गेली, दुसरीचे लग्न निकालाच्या आधी झाले. त्यांना कमलाबाईंची गोष्ट ऐकायला मिळाली असती तर वेगळे काही झाले असते का? सांगता येत नाही. पण ऐकायला मिळायला हवी होती.

पर्जन्यमापकाची बाई

बोलण्याच्या बाबतीत सगळ्या बायांचे मत सारखे नसते, हेही सांगितले पाहिजे. अण्णा मणी नावाच्या बाई होऊन गेल्या, 1918 ते 2001. नाव अण्णा असले तरी बाई, केरळच्या. त्याही रामन यांच्याकडेच शिकल्या, कमलाबाईंनंतर. इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणे शिकून आल्या आणि 1948 साली पुण्याच्या वेधशाळेत रुजू झाल्या. तोवर पाऊस, वारा, ऊन मोजायची साधने बहुतेक परदेशातून यायची. ती इथे बनावीत म्हणून शंभरेक उपकरणांचे प्रमाण-आराखडे त्यांनी तयार करवले. फळपीक विमा आज हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरतो. आकडा चुकला तर आपण तहसीलवर मोर्चा नेतो. पण मोजायचे साधन खरे असले पाहिजे, दोन ठिकाणचे साधन एकसारखे असले पाहिजे, या एका गोष्टीसाठी आयुष्य घालवलेली बाई पुण्यात होती, हे मोर्चातल्या किती जणांना माहीत असते?

तर या अण्णाबाईंना 'महिला शास्त्रज्ञ' म्हणून मिरवणे आवडत नसे. आपण बाई आहोत याने कामात काही फरक पडला, हे त्या मान्यच करत नसत. त्यांचा मान राखून आम्ही म्हणतो की त्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते असेल. एम.एस्सी. नव्हती म्हणून त्यांना मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही, काम पुरे झालेले असताना. पदवीवाचून त्यांचे अडले नाही. ज्यांचे अडले त्यांची नावे आपल्यापर्यंत आलीच नाहीत.

बाईने बाईला लोणचेच शिकवायचे?

सरकारी विस्तार यंत्रणेबद्दल थोडे. आमचे अनेक मित्र तिथे आहेत, त्यांनी राग मानू नये. गावात बायांसाठी प्रशिक्षण म्हटले की लोणची, पापड, नाचणीची बिस्किटे. अन्नप्रक्रिया वाईट नाही, त्यातून चार पैसे मिळतात. पण पेरणी बाईने करायची, निंदणी बाईने करायची, कापूस बाईने वेचायचा, कांदा बाईने काटायचा आणि मातीचे, किडीचे, बियाण्याचे शास्त्र मात्र पुरुषांच्या बैठकीत सांगायचे, ही कुठली वाटणी? कृषी महाविद्यालयांत आज मुलींची संख्या आमच्या वेळेपेक्षा कितीतरी वाढली आहे. मृदाशास्त्र, रोगशास्त्र, पैदासशास्त्र शिकलेल्या मुली जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. 2026 हे साल संयुक्त राष्ट्रसंघाने महिला शेतकऱ्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. परिपत्रके निघतात, पोस्टर लागतात. पोस्टरवरची बाई हसत असते, तिला प्रश्न विचारता येत नाही.

म्हणून आम्ही गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या आठवडी बाजारात एक प्रयोग केला. ज्या बाईंना चिठ्ठी पाठवून गप्प केले होते, त्यांच्याकडेच गेलो. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या, वेळ कोणती ते सांगा." आम्ही सकाळी साडेदहाची सांगितली, बाया बाजाराला आलेल्या असतात आणि अजून परतायची घाई नसते ती. टोमॅटोचे दोन कॅरेट पालथे घातले, वर फळी टाकली. हार नाही, सत्कार नाही, अध्यक्ष नाही. प्रश्न आधी बायांनी विचारायचे, पुरुषांनी नंतर, एवढाच नियम.

बाईंनी ट्रायकोकार्ड दाखवले. टाचणीच्या टोकाएवढा ट्रायकोग्रामा कीटक खोडकिडीच्या अंड्यात आपले अंडे घालतो, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. एका कार्डावर वीस हजारांच्या आसपास अंडी असतात, ती धान्यातल्या पतंगाची असतात आणि तो पतंग भरडलेल्या ज्वारीत वाढवतात. हे सांगताना त्यांनी स्वतःचेही सांगितले. प्रबंधाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात वीज गेली, खोली तापली आणि पाच महिन्यांची पैदास एका दुपारीत मेली. त्या रडल्या आणि पुन्हा ज्वारी भरडायला बसल्या. वर्ष वाया गेले. भारनियमनाचा फटका प्रयोगशाळेलाही बसतो हे ऐकून बाजारातले पुरुष पहिल्यांदा नीट ऐकू लागले.

मग भाजीवाल्या एका आजींनी विचारले, "पोरी, पगार किती पडतो? आन् सासरचे काय म्हणतात?" आम्हाला वाटले, विषय भरकटला. बाईंना तसे वाटले नाही. त्यांनी पगाराचा आकडा सांगितला. नोकरी कंत्राटी आहे, अकरा महिन्यांचा आदेश मिळतो, हेही सांगितले. सासरी पहिली दोन वर्षे धुसफूस झाली, आता सासू नातवाला सांभाळते, असे म्हणाल्या. आई अजून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, हे सांगताना त्यांचा आवाज जरा बदलला.

गर्दीत एक मुलगी होती, बारावी शास्त्र झालेली, सीईटी दिलेली. सोबत वडील. दीड एकर कोरडवाहू. वडिलांनी विचारले, "ताई, इतकं शिकून तुम्ही कंत्राटीच. मग माझ्या पोरीला का पाठवू?" प्रश्न खरा होता. बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दादा, मी खात्री देत नाही. पण मी हे शिकले नसते तर आज मी तुमच्या शेजारी खुरपं घेऊन बसले असते, आणि त्याला तर अकरा महिन्यांचापण आदेश नसतो."

बापाचे समाधान झाले का? नाही झाले. आम्हाला त्यांनी बाजूला घेऊन खर्चाचे विचारले. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024 पासून सरकार भरते, हे त्यांना माहीत नव्हते. पण शुल्क माफ झाले तरी वसतिगृह, खानावळ, येण्याजाण्याचे भाडे राहतेच, आणि कागद गोळा करायला तहसीलच्या खेपा राहतात. मामाने मुलीसाठी एक स्थळ आणले आहे, तेही आम्हाला कळले.

प्रत्येक तालुक्याने महिन्यातून एका बाजाराच्या दिवशी कॅरेट पालथे घालावेत. बोलायला येणाऱ्या बाईंचे एस.टी.चे भाडे तालुक्याने द्यायचे, उपकार म्हणून नव्हे, आणि त्यांना सकाळचीच वेळ द्यायची. आमच्या तालुक्यात पुढच्या वेळी मृदाशास्त्राच्या एक बाई खारवट जमिनीवर बोलणार आहेत. ज्यांच्या रानात पांढरे फुटले आहे त्यांनी मातीचा नमुना पिशवीत घेऊन यावे.

त्या मुलीची प्रवेशाची यादी पुढच्या आठवड्यात लागते. आम्ही दोघे-तिघे आणि त्या कीटकशास्त्राच्या बाई गुरुवारी तिच्या घरी जाणार आहोत. उत्पन्नाचा दाखला अजून निघालेला नाही. या सभेत त्या मंडळाचे कोणी ओळखीचे असतील तर बैठक संपल्यावर आम्हाला दाराशी भेटावे.